बारानिकोच्या वहीतलं एक मत

बारानिकोला कुणी विचारलं असतं, की बाबा रे, तुझं दुखतं तरी कुठे, तर त्याने उजवा गुडघा पुढे केला असता. पण ते खोटं. दुखायचं ते पोटात, आणि त्या दुखण्याचं नाव होतं तेकाई.

तेकाई त्याचा चुलतभाऊ, वयाने चांगला दोन वर्षांनी धाकटा. माडावर चढायला त्याला बारानिकोने शिकवलं, होडीचं शीड बांधायला बारानिकोने शिकवलं, आणि लहानपणी शेंबूड आला की नाक पुसायला बारानिकोच. पण तेकाईचा बाप थोरला आणि बारानिकोचा बाप धाकटा. संपलं! आमच्या मनेआबात, म्हणजे गावाच्या सभाघरात, प्रत्येक घराण्याची जागा कुठल्या खांबाला ते आजोबा-पणजोबांपासून ठरलेलं आहे. थोरल्या पातीचा माणूस चटईवर पुढे बसतो आणि घराण्याच्या वतीने बोलतो. बाकीचे मागे बसून ऐकतात. बारानिको बासष्ट वर्षांचा झाला, नातवंड मांडीवर आलं, पुढचे चार दात पडले, तरी मागेच. आख्खी सभा त्याने तेकाईची पाठ बघत काढायची. त्या पाठीवर एक काळा मस होता, तोसुद्धा त्याला डोळ्यांत खुपायचा.

बरं, पाठ बघण्याचं एक वेळ सोसलं असतं. पण तेकाई जे बोलायचा ते कुणाचं होतं?

बारानिकोपाशी एक जुना रेडिओ होता. त्याची तार त्याने अंगणातल्या नीरफणसाच्या शेंड्याला बांधली होती. तिकडे राजधानीत, ताराव्यात, संसद भरली की रेडिओवर सकाळपासून तेच चालायचं, आणि हा गडी केवड्याच्या चटईवर पाय पसरून बसायचा तो दुपार कलली तरी उठायचा नाही. गावाला त्यात काडीचा रस नव्हता. कोण ऐकतंय ती रटाळ भाषणं? पण बारानिको ऐकायचा, आणि शाळेच्या वहीत पेन्सिलीने लिहायचा. तारीख, विषय, आणि आमचा खासदार मोआनाता त्यावर होय म्हणाला की नाही म्हणाला. एकोणीस वर्षं. मोआनाताच्या आधीचा खासदार मेला, त्याचीही सगळी मतं वहीत होती. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने पानं पिवळी पडली की तो ती उन्हात सुकवायचा, दगड ठेवून.

आणि अधिवेशन संपलं की तेकाई यायचा. हातात ताज्या माडीची बाटली, चेहऱ्यावर हसू. "दादा, काय झालं रे?" असं म्हणून शेजारी टेकायचा. बारानिको वही उघडून सगळं सांगायचा. कारण न सांगून जातो कुठे? घराण्याचं तोंड तेकाई, तोंडात घास कुणीतरी घालायलाच हवा. दोन दिवसांनी तोच तेकाई मनेआबात छाती काढून म्हणायचा, "खासदारसाहेब, गेल्या पावसाळ्यात मासेमारीच्या परवान्यावर तुम्ही होय म्हणालात. त्याच्या आधीच्या वर्षी नाही म्हणाला होतात. मधे काय बदललं, ते आम्हाला कळू द्या." मोआनाताला घाम फुटायचा. आणि सगळी सभा माना डोलवायची: काय स्मरण आहे हो तेकाईचं! काय लक्ष!

आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या म्हणजे किती ओढायच्या?

दोन वर्षांपूर्वी तर कहरच झाला. मोआनाताने भर सभेत तेकाईला मनगटी घड्याळ दिलं. म्हणाला, "माझ्यावर डोळा ठेवणाऱ्या जागत्या माणसाला." जागता! बारानिको मागे बसून, तेकाई कधी कधी घोरत पडला होता ते आठवून मोजत होता. चार महिन्यांत खारं पाणी शिरून ते घड्याळ बंद पडलं, सव्वातीनवर. पण तेकाई अजून घालायचा. बारानिकोची बायको काएवा एकदा म्हणाली, "अहो, बंद घड्याळाचा कसला हेवा करताय?" तर हा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

मग ते दवाखान्याचं आलं.

आमच्या उत्तरेच्या गावात एक दवाखाना आहे. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक खाट आणि नर्स ताबेरा. सरकारने विधेयक आणलं, की बेटागणिक एकच दवाखाना ठेवायचा. आमच्या बेटाचा जाणार दक्षिणेच्या गावात, खाडीपलीकडे. ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला होडी लागते, आणि पश्चिमेचा वारा सुटला की चालणंही नाही आणि होडीही नाही. बारानिकोची लेक तेआबो सात महिन्यांची पोटुशी होती. पहिल्या बाळंतपणाला नेमका तो वारा होता, आणि रक्त थांबत नव्हतं. ताबेरा हाकेच्या अंतरावर होती म्हणून पोर वाचली. हे बारानिकोला कुणी सांगायला नको होतं, ती रात्र त्याने दवाखान्याच्या पायरीवर काढली होती.

आमच्या संसदेची एक रीत चांगली आहे. विधेयकावर एकदा मत होतं, मग खासदार आपापल्या बेटावर जाऊन लोकांना विचारतात, आणि पुढच्या अधिवेशनात शेवटचं मत. म्हणजे पहिलं मत चुकलं तरी मधल्या काळात मनेआबात धरून खासदाराचा कान पिळता येतो. त्यासाठीच तर बारानिकोची वही.

पहिल्या मताच्या दिवशी नावं पुकारली गेली. बारानिको पेन्सिल धरून बसला होता. मोआनाताचं नाव आलं. "होय," मोआनाता म्हणाला. स्वच्छ, खणखणीत, घसा साफ करून.

बारानिकोने वहीत लिहिलं: दवाखाना हलवणे, होय. लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं. "हलकट!" तो रेडिओला म्हणाला. "लोकांची मतं घेताना ताबेराच्या खाटेवर बसून फोटो काढलास, आणि आता होय?" संताप झाला होता, पण आत कुठेतरी तो खूषही होता. कारण असं मत त्याच्या वहीत एकोणीस वर्षांत आलं नव्हतं. हे सांगेल त्याला गाव डोक्यावर घेणार.

सांगणार कोण? तर तेकाई.

तेकाई संध्याकाळी आला तो उड्या मारतच. बाटली खाली ठेवायच्या आधीच म्हणाला, "दादा, ऐकलंस का? मोआनाता शनिवारी येतोय. आणि त्याच्याबरोबर रेडिओवाला येतोय, यंत्र घेऊन! माझं भाषण टिपून घेणार. सगळ्या बेटांवर ऐकू जाणार म्हणे!"

"तुझं भाषण?"

"मग कुणाचं? घराण्याचं मीच बोलतो ना!" तेकाई निरागसपणे हसला. त्याचं ते निरागस हसणंच बारानिकोला सहन होत नसे. "तुझ्या याच रेडिओतून माझा आवाज येईल बघ. मजा आहे की नाही? बरं, आटप, लोक वाट बघतायत. दवाखान्याचं काय झालं तेवढं सांग."

बारानिकोने रेडिओकडे पाहिलं. त्याच रेडिओकडे, ज्याची तार बांधताना तो झाडावरून पडला होता, गुडघा तेव्हाचाच. त्यातून आता तेकाई बोलणार. त्याच्याच अंगणात, त्याच्याच नीरफणसाखाली. बारानिकोच्या अंगाचा तिळपापड झाला.

"नाही म्हणाला," तो बोलून गेला.

"शाब्बास रे मोआनाता!" तेकाईने मांडीवर थाप मारली आणि उठला. वही बघायला मागितलीसुद्धा नाही.

बारानिकोचा डाव साधा होता. शनिवारी तेकाई रेडिओवाल्यासमोर मोआनाताची आरती ओवाळणार. मोआनाता शरमेने म्हणणार, काका, मी तर होय म्हणालो होतो. तेकाईचं तोंड पडणार, सगळ्या बेटांवर हसू होणार. मग म्हातारे मागे वळून विचारणार, अरे, खरं काय ते कुणाला ठाऊक आहे? आणि बारानिको वही घेऊन उभा राहणार. विचार करतानाच त्याला गोड वाटलं. चार वर्षांत पहिल्यांदा त्याने तेकाईच्या माडीची तारीफ केली.

रात्री जेवताना काएवा म्हणाली, "नाही म्हणाला म्हणे मोआनाता. माझ्या जिवाला केवढं बरं वाटलं हो! तेआबोला सांगून आले, आता निवांत राहा म्हणून. ती रडलीच." आणि तिने मोठा मासा नवऱ्याच्या पानात वाढला.

बारानिकोने तो मासा उचलून परत तिच्या पानात ठेवला. शनिवारी सगळं उघड होणारच आहे, मग कशाला आत्ता? असं स्वतःला समजावत चार दिवस काढले.

शनिवारी मोआनाता आला. रीतीप्रमाणे त्याने तंबाखू पुढे ठेवली. बायकांनी त्याच्या डोक्यावर फुलांचं कडं चढवलं, पाठीवर अत्तर शिंपडलं. बाबाई कंद आला, खारवलेला मासा आला, डुकराचं मांस आलं. ताबेरा नर्स कोपऱ्यात बसून डोळे पुसत होती, आनंदाने. रेडिओवाल्याने यंत्र तेकाईसमोर धरलं. तेकाई उठला. बंद घड्याळ हाताच्या तळव्याने पुसलं.

"मोआनाता, तू आमचा पोर," तो म्हणाला, "पण आज तू आमचा बाप झालास. सरकार एका बाजूला आणि तू एका बाजूला. आमच्या दवाखान्यासाठी तू भर संसदेत नाही म्हणालास. आमच्या लेकीबाळींचा जीव तू वाचवलास." आणि गळ्यातली माळ काढून त्याने मोआनाताच्या गळ्यात घातली. सभेने टाळ्या पिटल्या.

बारानिको पुढे सरकला. आता. आता बोलेल.

मोआनाताने मान खाली घातली. माळेतलं एक फूल बोटांनी चुरगाळलं. एकदा तेकाईकडे बघितलं, एकदा रेडिओवाल्याकडे. मग हात जोडल्यासारखं करून म्हणाला, "काका, तुमचे आशीर्वाद." आणि कंदाचा तुकडा तोंडात टाकला.

बारानिकोच्या पायांखालची चटई सरकली. हा बोललाच नाही! बोलणारच नाही! गोड मानून खाल्लंन, आता उद्या होडीत बसेल, आणि पुढच्या अधिवेशनात सांगेल, की मी माझ्या लोकांत जाऊन आलो, त्यांनी मला माळ घातली. आणि पुन्हा म्हणेल होय. दवाखाना जाईल. ताबेरा जाईल. तेआबो...

समोर बायकांच्यात तेआबो बसली होती, दोन्ही हात पोटावर ठेवून. हसत होती.

आता सांगायचं तर कसं? मागे बसणाऱ्याने मनेआबात तोंड उघडायचं नाही. आणि उघडलं तर स्वतःचंच पाप सांगावं लागणार, तेही त्या मेल्या यंत्रासमोर. न बोललं तर तेकाई हिरो आणि बोललं तर आपण चोर. दोन्हीकडून तेकाईचंच बरं! बारानिकोला त्या क्षणीसुद्धा पहिल्यांदा हेच सुचलं. मग तेआबो पुन्हा हसली, आणि तो उभा राहिला.

"हा खोटं कौतुक खातोय," तो म्हणाला. "हा होय म्हणाला होता."

टाळ्या थांबल्या. एका म्हाताऱ्याने खेकसून विचारलं, "कोण बोलतंय ते? मागचा कसा बोलतोय?"

"मी बोलतोय. मोआनाता होय म्हणाला. मी माझ्या कानांनी ऐकलं. तेकाईला मीच खोटं सांगितलं. त्याची फजिती व्हावी म्हणून."

मग मोआनाता हसला, हलकं, सवयीचं हसू. "जाऊ द्या हो. मी बाहेर राहत असलो तरी मला काय ठाऊक नाही? बारानिकोकाकांचं आणि तेकाईकाकांचं लहानपणापासून असंच. आज मला माळ दुसऱ्याने घातली म्हणून पोटात दुखलं. चालायचंच!"

सभा हसली. हसणारच! बारानिकोचं पोट दुखतं हे साऱ्या बेटाला ठाऊक होतं, फक्त त्यालाच वाटायचं की लपलंय. आयुष्यात पहिल्यांदा मनेआबात बोलला, तेही खरं, आणि त्याच्या हेव्यापायी ते कुणाला पटेना. म्हातारा म्हणाला, "बस खाली." काएवाने तोंडावर पदर घेतल्यासारखा हात घेतला.

तेकाई तेवढा हसला नाही. तो मागे वळला होता. आयुष्यभर पाठ बघितलेल्या माणसाचा चेहरा आता बारानिकोच्या समोर होता, आणि तो पांढराफटक पडला होता.

"दादा," तेकाई म्हणाला, "वही कुठे आहे?"

बारानिकोने कमरेच्या लुंगीतून वही काढली. तेकाईने ती हातभर लांब धरून, डोळे बारीक करून, शेवटचं पान वाचलं. तिथे होयच लिहिलेलं होतं. तेकाईशी खोटं बोलताना बारानिकोची जीभ वळली होती, पण वहीत खोटं लिहायला त्याचा हात धजावला नव्हता.

"इथे होय लिहिलंय," तेकाई म्हणाला.

"वहीत काय, कुणीही काहीही लिहील," मोआनाता म्हणाला.

"पोरा, ऐक." तेकाईचा आवाज चढला नाही. "एकोणीस वर्षं मी या जागेवरून बोलतोय. परवान्याचं बोललो, जहाजाचं बोललो, शाळेच्या छपराचं बोललो. दर वेळी तुझ्या आधीच्याला नाहीतर तुला घाम फुटला. ते सगळं या वहीतलं होतं. मी एक दिवस रेडिओ ऐकलेला नाही, मला झोप येते. वही खोटी, तर मी खोटा. मग तू मला घड्याळ कशाचं दिलंस?" त्याने मनगटावरून घड्याळ सोडलं आणि मोआनातापुढच्या केळीच्या पानावर, खारवलेल्या माशाशेजारी ठेवलं. "आता सांग. काय म्हणाला होतास?"

ताबेरा उठून उभी राहिली होती. मोआनाता त्या घड्याळाकडे बघत राहिला, आणि मग त्याचे खांदे पडले. "होय म्हणालो होतो," तो पुटपुटला. "पक्षाने सांगितलं होतं." मग म्हाताऱ्यांनी त्याला असा धुतला, की काय सांगू! दिवे लागायच्या आत त्याने यंत्रात तोंड घालून साऱ्या बेटांना शब्द दिला, की शेवटच्या मताला नाही म्हणेन.

दवाखाना वाचला. आता सांगा, नाव कुणाचं झालं?

रेडिओवर महिनाभर तेकाईचा आवाज वाजत होता. वही खोटी, तर मी खोटा! लोक शेजारच्या बेटांवरून निरोप धाडायचे, वा, काय मोठ्या मनाचा माणूस! बारानिकोचं बोलणं रेडिओवाल्याने कापून टाकलं होतं, ऐकू नीट येत नव्हतं म्हणे. रीत मोडली म्हणून म्हाताऱ्यांनी बारानिकोला दंड ठोठावला, एक डुक्कर. तर तेकाईने आपलं डुक्कर आणून दिलं, घराण्याची चूक ती माझी चूक असं म्हणत. बारानिकोला दंडसुद्धा स्वतःचा धड भरू दिला नाही या माणसाने! तो घरी येऊन काएवाला म्हणाला, "हा मेला एकदा तरी वाईट वागेल का?" काएवा तेआबोच्या बाळासाठी अंगडं शिवत बसली.

आणि गावाची वहीवरची श्रद्धा उडाली. उडणारच, एकदा खोटं बोललेल्या माणसाची वही ती. शेवटच्या मताच्या दिवशी गावात पाच रेडिओ लागले होते, मास्तर स्वतंत्र कागदावर लिहीत होते, ताबेराने दवाखान्याच्या दारात कर्णा लावला होता. मोआनाताचं नाव पुकारलं गेलं आणि त्याने उत्तर दिलं, तेव्हा साऱ्या गावाने ते एकाच वेळी ऐकलं. आरोळ्या उठल्या. बारानिकोने नीरफणसाखाली एकट्याने ते वहीत लिहिलं. आता ती वही कुणाला हवी होती?

संध्याकाळी तेकाई आला. हातात माडीची बाटली, मनगटावर घड्याळाचा पांढरा वण. शेजारी टेकला.

"दादा, काय झालं रे?"

बारानिको भडकला. "थट्टा करतोस? पाच रेडिओ लागले होते. शेंबड्या पोरांनासुद्धा ठाऊक आहे."

"मी माडावर होतो. कानांत बोटं घालून बसलो होतो म्हण." तेकाईने बाटली पुढे सरकवली. "वाटेत चारजणांनी सांगायला बघितलं, मी त्यांना गप्प केलं. तू ऐकलंस ना? मग सांग."

हेच झाड, हीच चटई, हाच प्रश्न. उत्तरसुद्धा तेच होतं.

"नाही म्हणाला," तो म्हणाला.

"बरं," म्हणून तेकाई उठला आणि मनेआबाकडे चालू लागला, घराण्याच्या वतीने सांगायला. वही त्याने आजही मागितली नाही. बारानिको त्याच्या पाठीवरच्या काळ्या मसाकडे दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला, आणि त्याला वाटलं, एवढा विश्वास आपल्याला कुणावर टाकता आला असता तर! त्याचाही त्याला हेवाच वाटला.